स्टॅटिक रूट चालतो, मग पुन्हा बंद पडतो : घरातल्या दोन राउटरांचं नेमकं बिनसतं कुठं?

घरात दोन राउटर आहेत. एक इंटरनेट कंपनीनं बसवून दिलेला, दुसरा आपण आणलेला. दोघांची नेटवर्कं वेगळी आहेत आणि पहिल्यावरच्या लॅपटॉपवरून दुसऱ्याच्या मागं असलेला प्रिंटर, कॅमेरा किंवा फाइल ठेवायचा एनएएस उघडायचाय. मग पहिल्या राउटरवर स्टॅटिक रूट, म्हणजे ‘त्या नेटवर्कात जायचं तर या पत्त्याकडे जा’ असं हातानं सांगणारी ओळ, टाकला जातो, सेव्ह होतो, चालतोही. चार दिवसांनी बंद. तोच रूट काढून पुन्हा भरला की चालतो, मग पुन्हा बंद. शेवटी माणूस ‘हा राउटरच टुकार आहे’ म्हणून हात टेकतो.

राउटर टुकार असेलही, पण रूट आपणहून बिघडत नाही. टेबलातली ती ओळ जशी भरली तशीच पडून असते, बदलतं ते तिच्या आजूबाजूचं. म्हणून रूट काढून पुन्हा भरण्याआधी नक्की कधी आणि कसं बंद पडतं ते बघा. वीज जाऊन आल्यावर? काही मिनिटांनी? एकाच उपकरणाच्या बाबतीत? की पिंग (‘आहेस का?’ अशी नुसती हाक) जातं पण पान उघडत नाही? बंद पडण्याची वेळच बऱ्याचदा कारण सांगून जाते.

बोलायला सोपं जावं म्हणून इंटरनेटला जोडलेल्या राउटरला थोरला म्हणू आणि त्याच्या मागच्याला धाकटा. पत्ते असे धरू:

थोरला राउटर : १९२.१६८.१.१
लॅपटॉप, थोरल्याच्या नेटवर्कात : १९२.१६८.१.३४
धाकट्याचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पोर्ट, थोरल्याला जोडलेला : १९२.१६८.१.२
धाकट्याची लॅनची (आतल्या उपकरणांची) बाजू : १९२.१६८.५०.१
एनएएस, धाकट्याच्या मागं : १९२.१६८.५०.२०

आज्ञा खाली देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरायचे.

आधी ती ओळ तपासू

थोरल्याच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘रूटिंग’ नावाखाली स्टॅटिक रूटचा फॉर्म सापडतो. त्यात चार-पाच रकाने असतात. डेस्टिनेशन १९२.१६८.५०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२, इंटरफेस लॅन. मेट्रिकचा रकाना असेल तर आहे तो आकडा राहू द्या.

सर्वांत जास्त गफलत गेटवेच्या रकान्यात होते. लोक तिथं १९२.१६८.५०.१ भरतात, कारण धाकट्याच्या सेटिंगचं पान त्याच पत्त्यावर उघडतं ना! पण थोरल्याला ५० च्या नेटवर्कात कसं जायचं हेच तर आपण सांगतोय. तिथं पोचायची वाट म्हणून तिथलाच पत्ता दिला तर त्याला काही कळणार नाही. गेटवे थोरल्याला स्वतःच्या नेटवर्कात, थेट एआरपी करून (म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ अशी हाक देऊन) सापडेल असाच हवा. काही राउटर चुकीचा पत्ता नाकारतात. काही मात्र हिरवी टिकली दाखवून मुकाट्यानं घेतात आणि रूट प्रत्यक्षात लागतच नाही. म्हणून फॉर्म भरून झाल्यावर ‘रूटिंग टेबल’चं पान वेगळं असेल तर तिथंही ओळ उमटलीय का ते बघा. भरलेला रूट आणि लागू झालेला रूट यांत फरक असतो.

दुसरी गफलत डेस्टिनेशनची. १९२.१६८.५०.२० आणि मास्क २५५.२५५.२५५.० अशी जोडी जमत नाही. पूर्ण नेटवर्कासाठी शेवटी ०, आणि फक्त त्या एका एनएएससाठी रूट हवा असेल तर मास्क २५५.२५५.२५५.२५५. इंटरफेसच्या रकान्यात वॅन निवडलं तर पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) इंटरनेटच्या दिशेनं निघतं आणि तिथंच विरतं. धाकटा वॅन पोर्टनं जोडलेला आहे म्हणून वॅन निवडणारे बरेच दिसतात, पण तो वॅन धाकट्याचा. थोरल्याच्या बाजूनं ती केबल लॅनमध्येच आहे.

आणि दोन्ही राउटरांची लॅन एकाच रेंजमध्ये असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी धाकट्याची रेंज बदला. बरेच राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असाच पत्ता घेऊन येतात, त्यामुळं हे सर्रास होतं. थेट जोडलेलं नेटवर्क आणि त्याच रेंजचा स्टॅटिक रूट यांत थेट जोडलेलंच जिंकतं. खासगी पत्त्यांना जागेची टंचाई नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रानं १० नं सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ चा पूर्ण गठ्ठा खासगी वापरासाठी मोकळा ठेवलाय.

वीज गेली, आली आणि रूट मेला

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारींत ही माझ्या मते पहिल्या नंबरची, आणि सोडवायलाही सगळ्यांत सोपी.

धाकट्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला कुणी? थोरल्याच्या डीएचसीपीनं, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीनं. तो पत्ता कायमचा नसतो, लीजवर असतो. धाकटा चालू असेपर्यंत लीजची निम्मी मुदत संपली की तो ती वाढवून घेतो आणि पत्ता तोच राहतो, त्यामुळं महिनोन् महिने काही जाणवत नाही. मग एक दिवस वीज जाते. दोन्ही राउटर एकदम उठतात, बऱ्याच घरगुती राउटरांच्या डीएचसीपीला आधीचं वाटप आठवत नाही, आणि टीव्ही किंवा फोन आधी पोचला तर .२ हा पत्ता त्याच्याकडे जातो. धाकट्याला मिळतो .७. थोरल्यावरचा रूट अजून .२ कडेच बोट दाखवतोय. टीव्हीच्या दारात एनएएसची पॅकेटं येऊन पडतात आणि टीव्ही ती टाकून देतो.

ओळखायचं कसं? धाकट्याच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा आणि रूटमधल्या गेटवेशी ताडून पाहा. एवढंच.

उपाय दोन. एक तर धाकट्याच्या वॅनला हातानं स्थिर पत्ता द्या, पण तो थोरल्याच्या डीएचसीपी रेंजच्या बाहेरचा असू द्या. थोरला .१०० ते .२०० वाटत असेल तर .२ चालेल. तो .२ पासूनच वाटत असेल तर आधी त्याची रेंज आवळा, नाहीतर एकच पत्ता दोघांकडे जाऊन नवंच लफडं उभं राहील. दुसरा उपाय म्हणजे थोरल्यावर धाकट्याच्या वॅनचा मॅक पत्ता (पोर्टची कारखान्यातून आलेली ओळख) टाकून रिझर्व्हेशन करणं, म्हणजे त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवणं. इथं एक बारकी मेख आहे. राउटरच्या खालच्या स्टिकरवर बहुधा एकच मॅक छापलेला असतो आणि तो वॅनचाच असेल असं नाही. लॅन, वॅन आणि वायफायचे मॅक वेगळे असतात, बऱ्याचदा शेवटच्या अंकातच फरक असतो, त्यामुळं घाईत लक्षात येत नाही. स्टिकर वाचून केलेलं रिझर्व्हेशन मग कधीच लागू होत नाही आणि पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. मॅक थोरल्याच्या ‘जोडलेली उपकरणं’ या यादीतून उचला. तिथं जो दिसतो तोच त्याला प्रत्यक्ष दिसलेला असतो.

वीज न जाताही रिस्टार्टनंतर रूट नाहीसा होत असेल, म्हणजे फॉर्ममधली ओळच गायब असेल, तर कारण दुसरं. विंडोजवर ‘रूट ॲड’नं टाकलेला रूट कॉम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकतो, कायम ठेवायला सोबत ‘-पी’ लागतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) किंवा कुठल्याही लिनक्सवर ‘आयपी रूट ॲड’ ही आज्ञाही तात्पुरतीच. तिथं तर रिस्टार्टसुद्धा लागत नाही, केबल उपसून पुन्हा खोचली तरी त्या इंटरफेसवरचे असे रूट जाऊ शकतात. ते कॉन्फिगरेशनमध्ये लिहायला हवेत. आणि इंटरनेट कंपनीच्या राउटरवर ओळ गायब होत असेल तर संशय रिमोट व्यवस्थापनावर घ्या. टीआर-०६९ नावाच्या प्रोटोकॉलनं कंपनी लांबून फर्मवेअर आणि सेटिंग बदलू शकते, आणि त्या भरात आपण केलेले बदल पुसले जाऊ शकतात. सेटिंगचा बॅकअप घेऊन ठेवण्यापलीकडं यावर ग्राहकाच्या हातात फारसं काही नसतं. म्हणूनच शक्य तेवढी करामत आपल्या मालकीच्या राउटरवर करावी, कंपनीच्या नव्हे.

पिंग जातं, पान उघडत नाही

इथं घोडं खरं पेंड खातं. रूट बरोबर आहे, गेटवे बरोबर आहे, एनएएसला पिंग केलं तर उत्तर येतंय. पण ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायला गेलं की चक्र फिरत राहतं. किंवा उघडतं, फाइल कॉपी होऊ लागते आणि मध्येच लटकते. किंवा लॅपटॉपवर चालतं आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर नाही. तिन्ही लक्षणांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, जायची वाट वेगळी आणि यायची वाट वेगळी.

जाताना पॅकेट असं जातं. लॅपटॉपला ५० चं नेटवर्क माहीत नाही, म्हणून तो ते आपल्या डिफॉल्ट गेटवेकडे म्हणजे थोरल्याकडे देतो. थोरला रूट बघून ते धाकट्याकडे सरकवतो आणि धाकटा एनएएसला देतो. आता उत्तर. एनएएस ते धाकट्याला देतो. धाकट्याला १९२.१६८.१.३४ हा पत्ता कुठला दिसतो? त्याच्या वॅन पोर्टच्या नेटवर्कातलाच. मग थोरल्याला मध्ये घालायचं कारणच काय? तो उत्तर थेट लॅपटॉपच्या हातात ठेवतो. तारेच्या हिशेबानं ते थोरल्याच्याच पोर्टांतून जातं, पण आतल्या स्विचमधून. थोरल्याच्या फायरवॉलला, म्हणजे कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याला, त्याचा पत्ताही लागत नाही.

पिंगला याचं काही सोयरसुतक नाही. प्रत्येक पिंग म्हणजे एक सुटी विनंती. थोरला ती पुढं ढकलतो, उत्तर थेट येतं, विषय संपला. पानं आणि फाइली ज्यावरून येतात त्या टीसीपीचं तसं नाही. त्यात आधी लॅपटॉपकडून सिन जातं, एनएएसकडून सिन-ॲक येतं, मग लॅपटॉप ॲक पाठवतो आणि तिथून बोलणं सुरू होतं. थोरल्यावरची फायरवॉल ही देवाणघेवाण नोंदवत असते. तिनं सिन जाताना पाहिलं. सिन-ॲक तिच्या नजरेला पडलंच नाही, ते परस्पर गेलं. आणि आता लॅपटॉपचं ॲक समोर आलंय. तिच्या वहीप्रमाणं हे पॅकेट कुठल्याच संवादात बसत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत अशा पॅकेटवर ‘इनव्हॅलिड’चा शिक्का बसतो, आणि फायरवॉलला इनव्हॅलिड टाकून द्यायला सांगितलेलं असेल तर ते तिथंच मरतं. गंमत म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीनं कनेक्शन जुळलेलं असतं, कारण त्याला सिन-ॲक मिळालंय. एनएएस मात्र ॲकची वाट बघत बसलाय. म्हणून ‘कनेक्शन नाकारलं’ असा संदेश न येता नुसतं चक्र फिरतं.

मग काही वेळा चालतं ते कसं? आयसीएमपी रीडायरेक्टमुळं. थोरल्याच्या लक्षात येतं की पॅकेट ज्या इंटरफेसवरून आलं त्याच इंटरफेसवरून परत बाहेर पाठवायचंय. अशा वेळी राउटरनं पाठवणाऱ्याला सांगायचं असतं, ‘या पत्त्यासाठी माझ्याकडे येऊ नकोस, थेट १९२.१६८.१.२ कडे जा.’ ही सोय १९८१ च्या आरएफसी ७९२ पासूनची. लॅपटॉपनं ते ऐकलं की पुढची पॅकेटं थेट धाकट्याकडे जातात, दोन्ही वाटा एक होतात आणि सगळं सुरळीत चालतं. विंडोज ही सूचना एका पत्त्यापुरता रूट म्हणून आपल्या टेबलात मांडतं आणि दहा मिनिटांनी काढून टाकतं. त्यानंतरची पॅकेटं पुन्हा थोरल्याच्या दारात, आणि तिथून पुढं काय होईल ते त्याच्या फायरवॉलच्या मर्जीवर. ‘थोडा वेळ चालतं, मग लटकतं, मग आपोआप चालू होतं’ या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं.

प्रत्येक उपकरण रीडायरेक्ट मानेलच असंही नाही, आणि ते गैरही नाही. लॅनवरचं कुठलंही उपकरण खोटा रीडायरेक्ट पाठवून आपली रहदारी स्वतःकडे वळवू शकतं, म्हणून सुरक्षेसाठी ही सोय अनेकदा बंद ठेवलेली असते. एक लॅपटॉप चालतो आणि दुसरं उपकरण नाही, याचा उलगडा इथं होतो.

खात्री करायची असेल तर विंडोजवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रूट प्रिंट’ चालवा. सगळं सुरळीत असताना यादीत १९२.१६८.५०.२० साठी २५५.२५५.२५५.२५५ मास्कची ओळ दिसली, आणि लटकलं तेव्हा ती नाहीशी झालेली असली, तर चोर सापडला. याहून सोपी चाचणी म्हणजे लॅपटॉपलाच रूट शिकवा:

रूट ॲड १९२.१६८.५०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२

आता लॅपटॉप थोरल्याला विचारणारच नाही. यानंतर पान झटकन उघडलं आणि मोठी फाइल न लटकता कॉपी झाली, तर दोष वाटांच्या विषमतेचाच आहे. इथं ‘-पी’ मुद्दाम लावलेलं नाही, चाचणीचा रूट रिस्टार्टनंतर गेलेलाच बरा.

उपायांची निवड थोरला काय काय करू देतो त्यावर ठरते.

सगळ्यांत नीट उपाय म्हणजे दोन राउटरांमध्ये एक वेगळं, छोटं नेटवर्क ठेवायचं. समजा १०.०.०.०/३०, ज्यात वापरता येतील असे दोनच पत्ते असतात, .१ थोरल्याला आणि .२ धाकट्याला. मग लॅपटॉप आणि धाकटा एका नेटवर्कात राहत नाहीत, उत्तराला थोरल्यातूनच यावं लागतं आणि फायरवॉलला दोन्ही बाजू दिसतात. यासाठी थोरल्याचा एक पोर्ट लॅनमधून वेगळा काढता यायला हवा, व्हीलॅननं (एकाच राउटरचे पोर्ट वेगवेगळ्या नेटवर्कांत वाटण्याची सोय) किंवा आणखी कशानं. कंपनीच्या राउटरवर ही सोय क्वचितच असते.

ती नसेल तर रूट उपकरणांनाच द्यायचा. एक-दोन लॅपटॉप असतील तर हातानं, ‘-पी’ लावून. बरीच उपकरणं असतील तर डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या ऑप्शननं, जो थोरल्यावर ओपनडब्ल्यूआरटीसारखं फर्मवेअर असेल तर भरता येतो. फक्त एक ध्यानात ठेवा. ज्या उपकरणाला १२१ मिळतो आणि कळतो, ते नेहमीच्या गेटवेचा ऑप्शन सोडून देतं. २००२ च्या आरएफसी ३४४२ मध्ये तसा दंडकच आहे. म्हणून १२१ च्या यादीत ५० च्या रूटबरोबर डिफॉल्ट रूटसुद्धा, म्हणजे ०.०.०.०/० साठी १९२.१६८.१.१, पुन्हा लिहावा लागतो. तो विसरला तर एनएएस उघडतो आणि इंटरनेट बंद पडतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शिवाय सगळीच उपकरणं हा ऑप्शन मागत नाहीत, त्यामुळं उरलेल्यांसाठी थोरल्यावरचा रूट तसाच राहू द्या.

तिसरा मार्ग थोडा आडवळणाचा. थोरल्यावर लॅनमधून ५० कडे जाणाऱ्या रहदारीला नॅट लावायचं, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून थोरल्याचा टाकायचा, मग एनएएसला ती थोरल्याकडूनच आल्यासारखी दिसते आणि उत्तर मुकाट थोरल्याकडे जातं. चालतं छान, पण एनएएसच्या लॉगमध्ये सगळेच १९२.१६८.१.१ म्हणून दिसतात. आणि थोरला पीएफसेन्स (फायरवॉलचं एक सॉफ्टवेअर) असेल तर त्यात एकाच इंटरफेसवर येऊन जाणाऱ्या रहदारीला फायरवॉलचे नियम न लावण्याची टिकली तयारच आहे, नेमकी याच दुखण्यासाठी. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्येही इनव्हॅलिड पॅकेटं टाकून देण्याची टिकली वेगळी असते. ती काढली तर घरगुती नेटवर्कात आभाळ कोसळत नाही, पण मी ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवीन.

धाकट्याचं दार बंद असेल तर

एनएएसला पिंगही जात नसेल तर आधी धाकट्याकडे बघा. त्याच्या समजुतीनं वॅन म्हणजे बाहेरचं जग, आणि तिकडून आगाऊपणे येणारं काहीही आत घ्यायचं नाही अशीच त्याला कारखान्यातून शिकवण असते. थोरल्याचा रूट पॅकेट त्याच्या दारापर्यंत नेऊन पोचवतो. दार उघडणं हे धाकट्याचं काम.

इथं सल्ला देणारे सरसकट ‘नॅट बंद करा’ म्हणतात. अडथळा मात्र फायरवॉलचा असतो. धाकट्याचं नॅट आतून बाहेर जाणाऱ्या नव्या कनेक्शनांचा पत्ता बदलतं, बाहेरून रूटनं आत आलेल्या कनेक्शनच्या उत्तरांना ते हात लावत नाही. तेव्हा धाकट्याच्या फायरवॉलमध्ये एकच नियम लिहा: वॅनकडून, स्रोत १९२.१६८.१.०/२४, गंतव्य १९२.१६८.५०.०/२४, परवानगी (/२४ म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.०). एवढ्यानं भागतं. वॅनची सगळी दारं सताड उघडू नका.

नॅट बंद केलं तर एक नवा पेच उभा राहू शकतो. धाकट्याच्या मागची उपकरणं आता थोरल्याला १९२.१६८.५०.२० अशा मूळ पत्त्यानं दिसतात आणि इंटरनेटसाठी त्यांचं नॅट थोरल्यानं करायला हवं. काही राउटर फक्त स्वतःच्या लॅनच्याच पत्त्यांना नॅट लावतात. मग धाकट्याच्या मागून थोरल्याला, १९२.१६८.१.१ ला, पिंग जातं आणि ८.८.८.८ ला जात नाही. असं दिसलं की नॅट निमूटपणे पुन्हा चालू करा आणि वरचा नियम ठेवा.

स्वस्तातल्या राउटरांत असा नियम लिहायची सोयच नसते. तेव्हा स्टॅटिक रूटचा नाद सोडून धाकट्यावर पोर्ट फॉरवर्डिंग करा. एनएएसचं पान ५००० पोर्टवर असेल तर तो पोर्ट १९२.१६८.५०.२० कडे वळवा आणि लॅपटॉपवर १९२.१६८.१.२ च्या ५००० वर उघडा. थोरल्यावर काहीच करावं लागत नाही.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही: दोन नेटवर्कं हवीतच कशाला? पाहुण्यांना किंवा कॅमेऱ्यांना वेगळं ठेवायचंय, असं काही ठोस कारण असेल तर ठीक. वायफायचा पल्ला वाढवायला म्हणून दुसरा राउटर आणला असेल, तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. एकच नेटवर्क, एकच डीएचसीपी, आणि वरचं सगळं पुराण बाद.

बाकी सगळं चालतं, एकच उपकरण रुसलंय

राउटर सोडा, त्या उपकरणाकडे जा. जुने प्रिंटर आणि कॅमेरे यांना कुणीतरी कधीकाळी हातानं पत्ता दिलेला असतो आणि गेटवेचा रकाना ०.०.०.० तसाच सोडलेला असतो. स्वतःच्या नेटवर्कात ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. बाहेरच्या पत्त्याला उत्तर द्यायची वेळ आली की त्यांना वाटच माहीत नसते. गेटवेत १९२.१६८.५०.१ भरा, झालं.

ते उपकरण विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल बघा. प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे नियम ‘लोकल सबनेट’पुरतेच मर्यादित असतात, पिंगला उत्तर देण्याचा नियमसुद्धा. १९२.१६८.१.३४ हा त्याच्या लेखी परका. नियमाच्या ‘स्कोप’ टॅबमध्ये १९२.१६८.१.०/२४ जोडा. फायरवॉल सरसकट बंद करून ‘आता चालतंय’ म्हणू नका.

पिंग जातं, पान उघडतं, पण प्रिंटर किंवा टीव्ही यादीत ‘दिसत’ नाही, ही तक्रार रूटच्या खात्यातली नाहीच. आपोआप शोधण्याचं काम एमडीएनएस २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर करतं, आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. कितीही रूट टाका. प्रिंटर आयपी पत्त्यानं जोडा, किंवा दोन्ही नेटवर्कांत हाक पोचवणारा रिपीटर धाकट्यावर चालवा.

ट्रेसरूट वाचताना

पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरांतून जातं ते ट्रेसरूट दाखवतो. विंडोजवर ‘ट्रेसर्ट -डी’ आणि मग पत्ता. नाव नको, आकडेच द्या. नाव दिलं तर ते आयपीव्ही६ कडेही वळू शकतं आणि मग आपण भलताच रस्ता तपासत बसतो.

१ — १९२.१६८.१.१
२ — १९२.१६८.१.२
३ — १९२.१६८.५०.२०

असं दिसलं तर उत्तम. दुसऱ्या ओळीत इंटरनेट कंपनीचा पत्ता आला, उदाहरणार्थ १०० पासून सुरू होणारा एखादा, तर थोरल्यानं रूट लावलेलाच नाही आणि पॅकेट डिफॉल्ट रूटनं बाहेर चाललंय. १०० म्हटलं की बिचकायला नको, १००.६४.०.०/१० हा गठ्ठा कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखलेला आहे. दुसऱ्या ओळीनंतर नुसत्या चांदण्या आल्या तर धाकट्याचं दार किंवा एनएएसचा गेटवे, म्हणजे वरचे दोन भाग.

आणि कधी कधी हे दिसतं:

१ — १९२.१६८.१.१
२ — १९२.१६८.१.२
३ — १९२.१६८.१.१
४ — १९२.१६८.१.२

असं तिसाव्या ओळीपर्यंत. कुणीतरी कंटाळून थोरल्यावर १९२.१६८.०.०/१६ असा ऐसपैस रूट धाकट्याकडे लावलेला असतो. १९२.१६८.७७.५ असा कुठंच नसलेला पत्ता मागितला की थोरला म्हणतो धाकट्याकडे जा. धाकट्याकडे ७७ नाही, त्याचा डिफॉल्ट रूट थोरल्याकडे, म्हणून तो म्हणतो थोरल्याकडे जा. टीटीएल, म्हणजे ठरवून दिलेल्या उड्या, संपेपर्यंत पॅकेट दोघांत टोलवलं जातं. मास्क नेमका करा, /२४ पुरतो.

व्हीपीएन चालू असताना वाट लागत असेल तर व्हीपीएन बंद करून एकदा बघा. ऑफिसच्या नेटवर्कानंही १९२.१६८.५० चीच रेंज वापरली असेल, किंवा क्लायंटनं आपला अधिक नेमका रूट घुसवला असेल, तर पॅकेट तिकडं जातं, कारण जास्त लांब मास्कचा रूट नेहमी आधी लागतो. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये ‘अलाउड आयपीज’ची यादीच रूट ठरवते, तिथं ०.०.०.०/० असेल तर घरची रहदारीही बोगद्यात शिरू शकते. ऑफिसची रेंज आपल्या हातात नसते, घरची असते, तेव्हा बदलायची ती घरची.

दुरुस्ती झाली असं वाटलं की मुद्दाम छळून बघा. दोन्ही राउटर एकदम बंद करून एकदम चालू करा आणि धाकट्याच्या वॅनचा पत्ता तोच आहे का ते बघा. लॅपटॉपवर चाचणीसाठी टाकलेला रूट ‘रूट डिलीट’नं काढा, नाहीतर थोरल्याची परीक्षा होणारच नाही. लॅपटॉपला कायमचा रूट देण्याचाच उपाय निवडला असेल, तर तो मात्र राहू द्या आणि बाकीच्या चाचण्या रूट न दिलेल्या उपकरणावर करा. मग एनएएसवर दहा मिनिटांहून जास्त चालेल एवढी मोठी फाइल कॉपीला लावा, आणि ती चालू असतानाच फोनवरून एनएएसचं पान उघडून बघा.